टोकाचा वाफा

कापरवाडीच्या मिशन शाळेत कारभाऱ्याच्या राहीइतकी झोकात गोष्ट सुरू करणारं दुसरं पोर नव्हतं, आणि तिच्याइतकी गोष्टीची माती करणारंही नव्हतं.

"आमचा पवळ्या बैल मोटंला कटाळला," राही उभी राहून सांगायची, "आन् मिलिटरीत भरती व्हायला भिंगारला निघाला."

पोरं हसून सावरून बसायची. मग पवळ्याला वाटेत होला दिसायचा. होल्याच्या घरट्यात अंडी असायची. अंड्यांवर साप टपलेला असायचा, त्या सापाला एक बहीण असायची, तिचं लग्न ठरलेलं असायचं, आणि लग्नातल्या लाडवांपाशी येईपर्यंत राही स्वतःच खिडकीतून बाहेर बघायला लागायची.

"बैल कुठं गेला गं?" साराबाई विचारायच्या.

"कोन्ता बैल?"

सगळा वर्ग लोळायचा. राहीपण त्यांच्यात हसायची, पण कान लाल व्हायचे तिचे.

साराबाई उंच, काटक, बोलायला फटकळ. पाढे आणि शुद्धलेखन उरकलं की त्या पोरांना स्वतःच्या मनानं गोष्टी रचायला लावायच्या. लढाईमुळं कागद मिळत नव्हता, म्हणून सगळं पाटीवर. गावानं त्या तासाला 'खोटं बोलायचा तास' असं नाव ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यांना त्याची फिकीर नव्हती. शाळा होती रस्त्याच्या कडेला. भिंगारच्या छावणीकडं जाणारी लष्करी लॉरी दिसली की अख्खा वर्ग पाट्या टाकून धूम पळायचा. पण ज्या पोराला स्वतःची गोष्ट पुरी करायची असते ते जागचं हलत नाही, हे बाईंनी पाहून ठेवलं होतं. राही तेवढी या हिशेबात बसत नव्हती.

एकदा त्यांनी राहीची पाटी ओढून घेतली आणि तिच्यावर आडव्या रेघा मारल्या.

"हे चार वाफे. शेवटच्या वाफ्यात शेवट. तो आधी भरायचा. मग पहिल्यापासून यायचं. एक भरल्याशिवाय दुसऱ्याचं दार फोडायचं नाही. सांग, बैल शेवटी कुठं असतो?"

"मला काय ठावं? आजून तितं पोचलाच न्हाई त्यो."

"तो पोचायची वाट बघत बसू नको. तू ठरवायचं. तुझा बैल आहे."

उभ्या जन्मात राहीला कुणी काही ठरवायला सांगितलं नव्हतं. शेण कुठं टाकायचं हेसुद्धा दुसऱ्यानं सांगितलेलं. ती पाटीच्या तळाच्या मोकळ्या जागेकडं बघत बसली आणि तिला उगाचच धास्तावल्यासारखं झालं. तेवढ्यात रस्त्यावर लॉरी वाजली आणि ती सगळ्यांच्या पुढं पळाली.

होळी झाली, शाळा सकाळची झाली, आणि त्याच आठवड्यात राहीच्या आईच्या, झुंबरबाईच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला.

एरवी काट्याचं कौतुक कुणाला? पण राहीचा थोरला भाऊ बन्सी दिवाळीपासून भिंगारला मिलिटरीच्या गोदामात खोकी उचलायला गेला होता. तो गेल्यापासून कांद्याला पाणी द्यायचं काम झुंबरबाईकडं होतं. बाप कारभारी मोट हाकायचा. मोट सोंडेची, थारोळ्यात आपोआप रिकामी होणारी, त्यामुळं त्या टोकाला एकट्याचं काम भागे. पण पाटानं आलेलं पाणी वाफ्यावाफ्यात वळवायला, म्हणजे दारं धरायला, खोरं घेऊन दुसरं माणूस पाहिजेच. आता झुंबरबाईचा पाय पोटरीपर्यंत सुजलेला, टाचेवर भाजलेला कांदा बांधलेला, आणि ती झोपडीच्या दारात पाय लांबवून कण्हत बसलेली.

"दारं राही धरंल," कारभारी म्हणाला.

"तिची शाळा हाय सकाळची."

"मंग तू धर."

झुंबरबाईनं सुजलेला पाय जवळ ओढून घेतला.

विहीर चैताच्या आधीच खोल गेली होती. रात्रभर झरे पाझरून जेवढं साठे तेवढं पाणी तांबडं फुटल्यापासून ऊन चढेपर्यंत पुरायचं. मोट तळाचा गाळ आणायला लागली की बैल सोडायचे. शाळेची घंटा व्हायची ती मोट सुटायच्या थोडी आधी.

पहिल्या दिवशी राहीनं बरं केलं. विहिरीजवळचे वाफे उरकून ती रस्त्याकडच्या टोकाला आली. पाण्यात घोट्यापर्यंत पाय, हातात स्वतःच्या खांद्याएवढं खोरं. टोकाच्या वाफ्यांपैकी एकात पाणी शिरलं आणि तिला शाळेची घंटा ऐकू आली. आता सगळी पाट्या काढत असतील. पवळ्याला मिलिटरीत बूट देतील काय? दिले तर चार द्यावे लागतील. आणि टोपी? टोपीला शिंगांसाठी भोकं पाडावी लागतील, ती कोण पाडणार...

वाफा कधी भरला आणि बांध कधी फुटला हे तिला कळलंच नाही. कळलं ते लॉरीच्या आवाजानं. पाणी सगळं रस्त्यावर उतरलं होतं आणि लॉरीची मागची चाकं चिखलात गरगरत होती.

"अंधा है क्या?" ड्रायव्हर खाली उतरून ओरडला. "रास्ते पे पानी छोडता है!"

कारभारी विहिरीवरून धावत आला. "चुकलं सायब, चुकलं," करत त्यानं माघारी जाऊन मोटेचे बैल सोडले, नाडा आणला, लॉरीला बांधला. बैल गुडघे टेकून ओढत होते. कारभारी मागून खांदा लावत होता. चाकानं उडवलेला चिखल त्याच्या तोंडावर बसला, पागोटं सुटून खाली पडलं आणि चाकाखाली गेलं. वर बसलेले शिपाई हसत होते. लॉरी निघाली तेव्हा त्यांच्यातल्या एकानं राहीकडं बिस्कीट टाकलं. तिनं ते झेललं. झेलल्यावर तिला कळलं की झेलायला नको होतं.

कारभाऱ्यानं पागोटं उचललं, पिळलं. लेकीच्या हाताकडं पाहिलं.

"खा की," तो म्हणाला. "आपल्या पान्याचं मिळालंय ते."

राहीनं ते तोंडात घातलं, पण गिळलंही नाही, थुंकलंही नाही. विहिरीवर परत जाऊन मोट सोडली तर ती गाळ घेऊन वर आली. कारभाऱ्यानं बैलांना दावणीला बांधलं आणि झोपडीच्या दारात उभं राहून, राहीकडं न बघता, बायकोला सांगितलं, "कांदा निघंस्तवर हिची शाळा बंद."

साराबाई दुसऱ्या दिवशी कलत्या उन्हाची आल्या. झुंबरबाईनं बसायला पोतं टाकलं. कारभारी नाड्याचा सुटलेला पीळ वळत बसला होता. त्यानं हात थांबवले नाहीत.

"कारभारीभाऊ, पोरगी हुशार आहे."

"हुशार हाय म्हनूनच लॉरी बुडीवली."

"तिचं चित्त ठरत नाही. तेच तर शिकवतेय मी."

"चित्त ठरायला खोटं बोलायला शिकिवता व्हय?" कारभारी पहिल्यांदा वर बघून हसला. "बाई, राग नका मानू. पर गोष्टीनं वाफं भिजत न्हाईत."

"भिजत नाहीत. फुटतसुद्धा नाहीत, गोष्ट नीट रचायला आली तर."

"मंग आलं का रचायला?"

बाई चहा पिऊन उठल्या, आणि राही त्यांना बांधापर्यंत पोचवायला गेली. तिथं उभं राहून बाई तिला दटावल्यासारखं बोलल्या.

"गोष्ट सोडायची नाही. पाटी नसली तर नसू दे. पाणी वाफ्यात शिरलं की पवळ्याला चालू द्यायचं. पाणी शेवटच्या पातीला टेकलं की पवळ्या थांबला पाहिजे, पुढचं पाऊल उचललेलं असलं तरी. दुसरं दार फोडलं की मग पुढं. होला दिसला तर?"

"बघायचा न्हाई."

"बघ. पण त्या वाफ्यापुरता. आणि शेवट ठरव."

"त्यो परत येतो का न्हाई ते मला ठाव न्हाई, बाई."

बाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. बन्सी संक्रांतीला येतो म्हणाला होता आणि आला नव्हता, हे साऱ्या गावाला माहीत होतं.

"बन्सीचं मलाही ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "बैलाचं तुला ठरवता येतं."

पहिले दिवस फार वाईट गेले. पवळ्या थांबायला तयार नसे. पाणी अर्ध्या वाफ्यात असतानाच तो भिंगारच्या वेशीत पोचलेला असे, राही त्याला हिसकून मागं आणी, आणि त्या हिसकाहिसकीत बांध पाझरायला लागे. मग चिखल ओंजळीनं थापायचा. पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या, त्यांत पाणी गेलं की जीव कासावीस व्हायचा. खोऱ्याच्या दांड्यानं हाताला फोड आले, फुटले. "राहेऽ, ध्यान कुटंय?" अशी विहिरीवरून हाक आली की तिला धडकीच भरायची. घंटा झाली की मन शाळेत जायचं, ते परत आणायला तिला दुसरा वाफा लागायचा.

पण हळूहळू बैल वळणावर आला. एका वाफ्यात पवळ्यानं दावं तोडलं. दुसऱ्यात तो बांधावरून उतरला, आणि पाणी पातीला टेकलं तेव्हा त्याचा पाय हवेतच राहिला. राहीनं गडबडीनं त्या दाराला चिखल लावला, पुढचं दार फोडलं, आणि पवळ्याचा पाय खाली टेकला. तिला हसूच आलं. आता पाण्याकडं बघायला तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. पाणी कुठवर आलंय हे बघितल्याशिवाय गोष्टच पुढं जात नव्हती. पवळ्या छावणीत पोचला. त्याला चार बूट मिळाले. साहेबानं त्याला लॉरी ओढायला लावली आणि तो म्हणाला, ही मी आधीच एकदा ओढलीय. टोपीला भोकं पाडायचं काम तिनं कोपऱ्यातल्या अरुंद वाफ्यात उरकलं, कारण तो लवकर भरायचा.

एकही बांध फुटला नाही. विहीर आटत होती तरी कांद्याची पात उभी राहिली.

कारभाऱ्याला हे दिसत होतं. राहीच्या पायाला लावायला त्यानं आपण होऊन एरंडेल गरम केलं. मग एके संध्याकाळी शेजारच्या मळ्यातला कानिफनाथ तंबाखू मळायला आला तेव्हा कारभाऱ्याला राहवलं नाही.

"बन्सी दारं धरायचा तवाबी दोन वाफं फुटायचं," तो म्हणाला. "ही पोरगी बघ. थेंब सांडत न्हाई."

"मंग आता शाळंत न्हाई का धाडायची?"

"कशाला? ती बाईच म्हनली हुती, पोरीचं चित्त ठरवायला शाळा. आता ठरलं. मंग शाळंत काय ऱ्हायलंय? कांदा निघाल्यावर भुईमुगाला पानी, मंग हायच पुढचं."

राही दाराआड भाकरीचं पीठ चाळत होती. हातातली चाळणी थांबली. एवढे दिवस ती मनाशी कांदा निघायचा दिवस धरून बसली होती. नीट काम केलं तर आबा खूश होतील आणि खूश झाले तर सोडतील, इतकं साधं तिला वाटलं होतं. आणि आबा खूश झाले होते. तिला रडूही येईना, इतका राग आला. एखादा बांध मुद्दाम फोडावा असं वाटलं. मग चिखलातलं पागोटं आठवलं आणि बांध फोडणं तिच्यानं होईना.

झुंबरबाईनं लंगडत जाऊन साराबाईंना हे सांगितलं, तेव्हा बाई बाकावर मटकन बसल्या. "मीच जुंपली की तिला," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी पोरांना गोष्ट सांगायला लावली नाही. वर्गात कुणाकडं धड बघितलंही नाही.

"बाई काय म्हनल्या?" राहीनं आईला विचारलं.

"काय न्हाई. शेवट झाला का इचारत हुत्या."

शेवट झाला नव्हता. राही तळमळत होती. पवळ्या मिलिटरीत राहिला तर मोट कोण ओढणार? परत आला तर बूट, टोपी, सगळं फुकट. मोटेवर असताना तिला भिंगार दिसे आणि भिंगारमध्ये मोट ऐकू येई. कोणताही शेवट लावला तरी बैलाचं अर्धं काहीतरी बाहेर राहत होतं. ती आईची टाच शेकत बसे आणि तिचा हात मध्येच थांबे. आई ओरडे, "आगं भाजलं की मला!"

एके सकाळी बैल जुंपायच्या आधी ती रिकाम्या पाटाच्या कडेनं टोकापर्यंत चालत गेली. तिथून उलटी वळून विहिरीकडं बघत उभी राहिली. आबा थारोळ्यापाशी वाकून नाडा तपासत होते. त्यांच्या पायापासून पहिला वाफा हाताच्या अंतरावर. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग शाळेचं दप्तर आणून बांधावरच्या निंबाला अडकवलं आणि खोरं घेतलं.

विहिरीच्या कडेला आसरांचे, पाण्यातल्या देवींचे, शेंदूर लावलेले दगड होते. रोजचं पहिलं पाणी त्यांच्यापाशी असलेल्या वाफ्याला जायचं. कारभाऱ्याच्या बापापासूनची ही रीत. त्यानंतर पुढचा वाफा, मग त्याच्या पुढचा, असं करत टोकाला जायचं. राहीनं पहिल्या मोटेच्या पाण्यातलं ओंजळभर आसरांवर घातलं, वाकून हात जोडले, आणि त्या वाफ्याचं दार न फोडता पाणी सरळ पुढं जाऊ दिलं.

कारभाऱ्याचं ध्यान बैलांकडं होतं. बैलांच्या उतरत्या धावेवरून दोन-चार खेपा झाल्यावर त्यानं सहज बघितलं. पहिला वाफा कोरडा, दुसरा कोरडा, आणि पोरगी पार रस्त्याच्या टोकाला.

"राहेऽ! येड लागलं का? आसरांचा वाफा!"

"त्यास्नी घातलंय पानी!"

"सुका पाट निम्मं पानी पिईल!"

"पिऊ द्या! वाटंतल्या वाफ्यांच्या कडंलाच मुरतंय त्ये!"

कारभारी शिव्या घालायला लागला, पण मोट भरून आली होती, बैल धावेवर उतरत होते, आणि चालती मोट सोडून इतक्या लांब पळता येत नाही. राही मान वर करत नव्हती. टोकाचा वाफा भरला, तिनं दार लिंपलं, अलीकडचं फोडलं. तो भरला, त्याच्या अलीकडचं. ती मागं मागं येत होती, विहिरीकडं. आज पवळ्याची गोष्ट नव्हती डोक्यात. पाणी, दार, चिखल, पुन्हा पाणी. घंटा आधी होईल अशी भीती वाटत होती आणि तरी एकही वाफा तिनं अर्धा सोडला नाही.

घंटा झाली तेव्हा ती आसरांच्या जवळ आली होती. थारोळ्यालगतचे थोडेच वाफे राहिले होते. तिनं हातातलं दार नीट लिंपलं, पुढचं फोडलं, खोरं धुतलं, आणि ते नेऊन आबांच्या पायाशी ठेवलं.

"ऱ्हायलेलं तुमच्या हाताजवळ हाय, आबा," ती म्हणाली. "बैल वळवायच्या आदी येकदा वाकलं की दार धरता येतंय. टोकाला जावं लागत न्हाई."

"आन् तू?"

"घंटा झाली."

कारभाऱ्यानं आसूड उचलला. राही डोळे मिटून उभी राहिली, पण जागची हलली नाही. आसूड तसाच वर राहिला. मागं पाणी वाफ्यात शिरून पातीपातीतून पुढं सरकत होतं. ते बघायलाच पाहिजे होतं कुणीतरी. त्याची नजर तिकडं गेली.

राहीनं निंबावरचं दप्तर काढलं आणि चिखलाच्या पायांनी पळत सुटली.

"राहेऽ!" तो ओरडला. "भवाने!" मग त्यानं आसूड टाकला, खोरं उचललं आणि वाकून दार लिंपलं. झोपडीच्या दारात बसलेल्या झुंबरबाईला हसू आवरेना. "आवं," ती म्हणाली, "ध्यान ठिवा. फुटंल."

शाळेत राहीनं पाटी मांडीवर घेतली आणि कुणी सांगायच्या आधी खालच्या वाफ्यात लिहिलं. साराबाई मागून येऊन वाकल्या. 'पवळ्या रोज मिलिटरीत जातो,' असं तिनं लिहिलं होतं. 'लांबचं काम आधी करतो. म्हणून मोटेवर पण असतो.' बाई पुढं गेल्या, खिडकीपाशी उभ्या राहिल्या आणि पदरानं तोंड पुसलं. बाहेरून लॉरी गेली. वर्ग पळाला. राही तेवढी पहिल्या वाफ्यावर वाकून बसली होती.

दुपारी घरी यायला तिचे पाय निघत नव्हते. आबा खाटेवर पालथे पडले होते. संध्याकाळी भाकरी वाढली तेव्हा त्यांनी ताट ओढून घेतलं, मान वर केली नाही. आईनं डोळ्यानं खूण केली, गप बस. राहीला सगळं गणित चुकल्यासारखं वाटत राहिलं. शेतात जाऊन बघायची तिला हिंमत झाली नाही.

पहाटे तिला पायाच्या अंगठ्याला धरून कुणीतरी हलवलं. कारभारी उभा होता. खांद्यावर नाडा आणि हातात तिचं खोरं.

"ऊठ," तो म्हणाला. "टोकापासनं धरायचं ना? मंग निजती काय? घंटा व्हईल."